पीताईने फेकलेले अनारसे

मला आणि माझ्या आईला वाचवलं ते पीताईने. काय झालं ते पुढे सांगतेच, पण आधी तिचं नाव घेते. ती गोष्ट सांगताना अजूनही मी त्या भीतीतच अडकते आणि जिचे आभार मानायचे, तीच बोलण्यातून राहून जाते.

पीताई थायलंडची. दोन हजार सालाच्या आसपास दुबईत करामातल्या ज्या कॉफी शॉपमध्ये मी कामाला होते, तिथली ती मॅनेजर. त्यांच्या भाषेत 'पी' म्हणजे मोठी बहीण. ते कळायच्या आधीच मी त्याला 'ताई' जोडून बसले होते, म्हणजे तीन वर्षं मी तिला ताईताई म्हणत होते. तिने कधी हरकत घेतली नाही.

कोणाच्याही पहिल्यांदा लक्षात यायचं ते हे, की ही बाई काही फेकत नाही. ज्या गावात लोक सोफा जुना झाला म्हणून फुटपाथवर ठेवून निघून जात, तिथे ही एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून कुंड्यांना घालायची. कॉफीचा उरलेला चोथा ताटांत पसरून गच्चीवर वाळवायची आणि ज्यांच्याकडे झाडं आहेत अशा गिऱ्हाइकांना पुड्या बांधून द्यायची. कागदी कप नाहीतच. काचेचा ग्लास, नाहीतर घरून मग घेऊन या. रिकाम्या पोत्यांच्या पिशव्या शिवायची. दुकान बँकॉकच्या एका कंपनीचं, तिचा नियमच तसा होता; करामा, अल मजाज आणि खोर फक्कान अशी तिन्ही दुकानं त्याच नियमाने चालत आणि तिन्हीकडे कॉफी एकाच डोंगराची, पीताईच्या गावची. पण बाकी दोन दुकानांत नियम भिंतीवर लावलेला होता, हिच्या तो अंगातच होता. माझ्या हातात केराची टोपली दिसली रे दिसली की आतून आवाज यायचा, "फेको मत! पहले देखो."

शेजारच्या मोबाईलच्या दुकानातला सलीम चिडवायचा, "हबीबी, तुम्हारी मॅडम कॉफी बेचती है या कचरा?"

"तुम्हारा कचरा भी लाओ, सलीम," ती आतूनच म्हणायची. "पहले देखेगी, फिर बोलेगी."

मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातली, नववीतून शाळा सोडलेली. नवरा एसी दुरुस्तीच्या कामावर. ऑर्डर लिहून घ्यायची म्हटलं की मला घाम फुटायचा. स्पेलिंग चुकलं तर काढून टाकतील, व्हिसा जाईल, काय काय मनात यायचं. पीताईने पहिल्याच आठवड्यात ते ओळखलं. माझ्यासमोर चार बोटं धरली. "मैं, चार क्लास. तुम, नौ क्लास. तुम मॅडम!" आणि एवढी हसली की मलाही हसावं लागलं. मग तिने मला प्रत्येक पेयासाठी एक चित्र काढायला शिकवलं. दूध असेल तर ढग, बर्फ असेल तर चौकोन.

दुकानाच्या भिंतीवर तिच्या डोंगराचा मोठा फोटो होता. हिरवा उतार, कॉफीची झुडपं. गिऱ्हाइकांनी विचारलं की ती सांगायची, "पहले इधर फूल था. बहुत सुंदर. बहुत खराब." मला वाटायचं, शेवंती-बिवंती असेल आणि कीड लागली असेल. त्यापुढे कधी विचारलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

ती दिवाळी आली तेव्हा मला सातवा महिना होता. बाळंतपणासाठी आई येणार होती, दुसऱ्याच दिवशी सकाळच्या विमानाने. आयुष्यातला तिचा पहिला विमानप्रवास. मी आनंदात अनारसे केले आणि आईचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात भरून दुकानात नेले. दुपारची वेळ, चार टेबलं भरलेली. पीताईने एक उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. वरचे दाणे बोटांत चुरडले. वास घेतला.

"ये क्या है?"

"खसखस," मी म्हटलं.

तो शब्द तिला माहीत नव्हता. तिने बिलाच्या पॅडवर एक बोंड काढलं, वर छोटा मुकुट असलेलं, बाजूला चार पाकळ्यांचं फूल. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "पहले इधर, यही."

आणि मग ती म्हणाली, "फेको. अभी फेको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती बाई, जी चहाची पत्तीसुद्धा दोनदा बघायची, तिने डबा उचलला, बाथरूममध्ये गेली आणि माझे दिवाळीचे अनारसे संडासात ओतले. तीन वेळा पाणी सोडलं. मी दारात उभी. अन्न, तेही सणाचं, आणि कुठे टाकलं! माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. तिने उकळत्या पाण्याने डबा घासला आणि माझ्या हातात दिला. "डब्बा अच्छा है. डब्बा नहीं फेकती." मग माझे दोन्ही खांदे धरून, जमेल त्या हिंदीत तिने सांगितलं. इथे हे दाणे आणि अफू एकच. चिमूटभर सापडली तरी जेल. आपल्या देशात चालतं म्हणून इथे कोणी ऐकून घेत नाही.

मी भिंतीला टेकले. सव्वा वर्षापूर्वी ती पुडी मी स्वतः साड्यांच्या घडीत घालून आणली होती. एअरपोर्टवरच्या पोलिसाकडे बघून हसलेसुद्धा होते.

"घर में और है?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली, उरलेली सगळी अनारशांनाच लावली होती, आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून किंकाळी निघाली. "आई!"

पीताईने दुकान बंद केलं. भरलेल्या चार टेबलांना हात जोडून बाहेर काढलं आणि फोनवर बसली. आई डोंबिवलीला मामाकडे उतरली होती. दिवाळीचा दिवस, सगळ्या लाइनी भरलेल्या. पीताई नंबर फिरवत राहिली. पाऊण तासाने लागला.

"आई, लाडवात खसखस घातलीस?"

"घालणार नाही होय? बाळंतिणीचे लाडू ते! पाव किलो वेगळीही घेतलीय."

"सगळं मामाकडे ठेव. इथे त्याला अफू समजतात. धरतात गं, आई."

"चल! देवाच्या नैवेद्याला चालते ती. आणि लेकीच्या बाळंतपणाला हात हलवत येऊ? तुझ्या सासरचे काय म्हणतील?"

मी ओरडले, रडले, ती ऐकेना. तेव्हा पीताईने रिसीव्हर घेतला. "मम्मी, मैं पी. लड्डू नहीं. कुछ नहीं. खाली आओ. बस आप आओ." आणि परत माझ्याकडे दिला.

 आई हळूच म्हणाली, "कोण गं ही? रडतेय का?"

मी वर बघितलं. रडत होती.

दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर उतरलं. सगळे बाहेर आले, आई नाही. माझ्या शेजारी एक माणूस हातात गजरा घेऊन उभा होता, तोही वाट बघत होता. तासाने आई आली, बॅगेची दोरी सुटलेली, चेहरा पांढरा. "खसखस, लाडू मामाकडेच ठेवले ते बरं. पोलिसाने एकेक डबा उघडला गं. भाजणीत हात घातला, मेथीचा वास घेतला. मग 'खलास, यल्ला' म्हणाला आणि हाताने जा अशी खूण केली." ती थांबली. "माझ्यापुढे एक बाई होती, माझ्याच वयाची. तिच्या डब्यातलं पाहिलं आणि तिला आत नेलं. जाताना मला म्हणाली, बाहेर जावई आलाय, त्याला सांगा उशीर होईल."

मी गजरेवाल्याकडे बघितलं.  शेवटी माझा नवराच त्याच्याकडे गेला.

पीताईचं मात्र मला फार नंतर कळलं. तिच्या डोंगरावर लहानपणी सगळीकडे तीच अफूची शेती होती. तिची आई तेच दाणे भाजून भातावर घालायची. मोठा भाऊ एकोणिसाव्या वर्षी तो माल घेऊन डोंगर उतरला, तो परत आलाच नाही. मग कॉफी आली. "मेरी मम्मी का हाथ का खाना, तुम्हारी मम्मी का हाथ का खाना. एक ही दाना," एवढं म्हणून ती ग्लास पुसायला लागली.

आईने तिच्यासाठी पांढऱ्या तिळावर अनारसे थापले. पीताईने आधी दाणे चुरडून पाहिले, मग सहा खाल्ले. माझ्या मुलीला पहिली अंघोळ आईने घातली, आणि ते पाणी पीताईने कुंडीला.

दोन वर्षांनी कंपनीने तिन्ही दुकानं गुंडाळली. पीताई डोंगरावर परत निघाली. मी म्हटलं, काय देऊ तुला? तिने तो स्टीलचा डबा मागितला. मी दिला. त्या गडबडीत, रडण्यात, तो रिकामाच दिला. आमच्यात शेजारणीचासुद्धा डबा कोणी रिकामा देत नाही.

आज गावाकडून कोणीही इकडे यायला निघालं की मी आधी फोन करते आणि खसखशीचं विचारते. लोक हसतात. हसोत. पण तेवढ्याने फिटत नाही. पीताई, तुझा डोंगर मी नकाशात शोधून ठेवलाय. एक दिवस मी येईन, तुझ्या चुलीवर तिळाचे अनारसे तळीन आणि आईच्या नावाचा तो डबा काठोकाठ भरून देईन.