दाजींची टाच

अख्ख्या बाजारात त्यांना दाजी म्हणायचे. खरं तर ते दाजी एकट्या मेहुण्याचे. पण मेहुणा दिवसभर जिन्याजिन्यांतून "दाजी, पायरी! दाजी, वळण!" असा बोंबलायचा, त्यामुळे लोकांच्या कानात तेच बसलं. चहावाला दाजी म्हणायचा आणि चहावाल्याची सासूही दाजीच म्हणायची.

दोघांचा धंदा घरसामान हलवायचा. कपाटं, पलंग, लोखंडी तिजोऱ्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतून जे जे माणसाच्या अंगावरून उतरतं ते सगळं. या धंद्यात जोडीतला एक वरचा असतो आणि एक खालचा. उतरताना खालचा पुढे, तोही उलट्या पावलांनी, तोंड कपाटाकडे. वजन बहुतेक त्याच्यावर आणि दिसत त्याला काहीच नाही, कारण मान वळवली की पकड गेलीच म्हणून समजा. डोळे वरच्याचे. वरचा सांगणार, "पायरी, पायरी," आणि पायऱ्या संपल्या की "सपाट!" मगच खालच्याने पूर्ण पाऊल टेकायचं. आपल्या मनाने टाकायचं नाही, हा नियम.

दाजी जन्माचे खालचे, आणि त्याचा कोण तोरा! "वर उभं राहून काय, पोपटही बोलतो," असं मेहुण्याला चिडवायचे. पण पाऊल टाकायचे ते त्याच्याच शब्दावर. "बायको मिळाली ती मिळालीच, वर दोन डोळे फुकट मिळाले," हेही तेच सांगायचे.

तर झालं असं. शिवणवाल्या बाईंचं दुकान तिसऱ्या मजल्यावर होतं. जिने चढून गिऱ्हाइकं दमतात म्हणून बाईंनी त्याच इमारतीत तळमजल्यावरची खोली घेतली. मशीन गेलं, टेबल गेलं, राहिलं ते भलंमोठं लाकडी कपाट, दारावर माणूसभर उंचीचा आरसा असलेलं. दोघं ते घेऊन उतरू लागले. दुसऱ्या मजल्याचा चौक, म्हणजे जिन्यामधली सपाट जागा, जवळ आला आणि नेमकं तेव्हाच बाईंनी वरून विचारलं, "अहो, आरसा नीट आहे ना?" मेहुण्याने मागे वळून "आहे, आहे" म्हटलं आणि त्याच दमात म्हणून टाकलं, "सपाट!"

सपाट कसलं डोंबलाचं! अजून एक पायरी होती.

दाजींचं पाऊल हवेत गेलं. चवडा फरशीवर आपटला, कपाटाचं सगळं ओझं त्या एका पायावर आलं आणि फटकन आवाज झाला. पोटरीवर मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातल्यासारखं वाटलं. पण पठ्ठ्याने कपाट सोडलं नाही. भिंतीला पाठ लावली, ओझं मांडीवर घेतलं, झोपलेलं बाळ ठेवावं तसं ते हळूच टेकवलं आणि मग तोंड सोडलं.

"गाढवा, लाथ काय घालतोस?"

"दाजी, मी वर आहे! मधे कपाट आहे! माझा पाय पोचेल कसा?"

दाजींनी मागे पाहिलं. मागे भिंत होती. आरशावर साधा ओरखडा नव्हता. दाजींना मात्र उठता येईना.

डॉक्टर म्हणाले, टाचेमागची जाड दोरी असते, कंडरा म्हणतात तिला, ती तुटली आहे, शिवावी लागेल. "आधीपासूनच झिजलेली होती ही. दुखत नव्हती का?" दाजी छताकडे बघू लागले. दुखत होती तर काय! सकाळी पहिलं पाऊल टाकताना जीव जायचा, पण फडकं गुंडाळून दिवस रेटत होते. बायको शेजारीच उभी होती. तिने नुसतं "हं" म्हटलं. त्या एका 'हं'ला दाजी ऑपरेशनपेक्षा जास्त घाबरले.

दोरी शिवली, प्लास्टर झालं, मग उंच टाचेचा जाडजूड बूट आला. लोक भेटायला यायचे आणि धीर द्यायच्या नावाखाली काळजाला घरं पाडून जायचे. "टाच गेली की खालचा गेला, दाजी. आता एखादं बसून करायचं काम बघा." बसून! दाजींच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्याहून वाईट म्हणजे मेहुणा. त्याने जिना सोडला आणि गोदामात पोती ढकलायला लागला. संध्याकाळी येऊन उंबऱ्यावर बसायचा, चहा निवेपर्यंत नुसता कप धरून. "अरे, दोरी आधीच झिजलेली होती, डॉक्टरच म्हणाले," दाजी सांगून सांगून थकले. त्याला वाटायचं, दाजी आपली समजूत घालतायत.

"माझ्या जिभेने तुमचा पाय खाल्ला," तो म्हणाला. "पुन्हा कुणाला सपाट म्हणणार नाही."

तो गेल्यावर दाजी बायकोला म्हणाले, "पायाचं करीन मी काहीतरी. पण हा वर नसेल तर कुणाच्या डोळ्यांनी उतरू? दुसऱ्याच्या शब्दावर माझं पाऊल पडायचं नाही गं."

"तुम्ही आधी पाऊल टाकायचं बघा," बायको म्हणाली. "माझ्या भावाचं मी बघते."

व्यायाम शिकवणाऱ्या बाई चणीने एवढ्याशा, पण नाकावर माशी बसू देत नसत. बूट निघाला आणि काही आठवडे सरले, तसं एक दिवस म्हणाल्या, "दुखऱ्या पायावर उभे राहा. आता टाच उचला."

"एवढंच?" दाजी हसले. "मी कपाटं उचलतो, बाई."

"कपाट राहू द्या. टाच उचला."

दाजींनी दात आवळले, मुठी वळल्या, त्यांचे कानसुद्धा हलले, पण टाच काही तसूभर हलली नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिने भांडी घासता घासता एका पायावर टाच उचलून दाखवली. "ही होय? ही तर मी वरच्या फळीवरचा डबा काढताना रोज उचलते." आणि दाजी रडले. हो, एवढा पहाडासारखा माणूस टॉवेल तोंडाला लावून रडला. बायकोने हात पुसले, शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला, माझा खांदा धरा. दोघं मिळून उचलू."

भावालाही तिने जुंपलं. "रोज येऊन सुतकी तोंड करून बसतोस, त्यापेक्षा जिन्यावर उभा राहा आणि ह्यांचं मोज."

"ताई, मी जिन्यावर..."

"सपाट म्हण असं म्हटलं का मी? आकडे म्हण. तेवढे तरी येतात ना?"

मग रोज संध्याकाळी हाच खेळ. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दाजी उभे, मेहुणा दोन पायऱ्या वर उभा राहून आकडे म्हणतोय. आधी दोन्ही पायांनी वर आणि दोन्ही पायांनी खाली. मग दोन्ही पायांनी वर आणि दुखऱ्या एकट्याने हळूहळू खाली. जरा बरं वाटलं तशी दाजींना खुमखुमी आली. त्यांनी गुपचूप भरलेला सिलिंडर उचलला आणि टाच टम्म सुजली. व्यायामाच्या बाई कडाडल्या, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तुम्ही तर टाचेलाच बांधलंत! ही दोरी सावकाश शिकते हो. रोज थोडं ओझं द्या. एकदम नको आणि अजिबात नाही, असंही नको."

दाजी ऐकू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच, असं बायको म्हणते. आणि एका संध्याकाळी दुखऱ्या पायावर, कशालाही न धरता, टाच बोटभर उचलली गेली. मेहुणा आकडाच विसरला. बायकोने हातातला झाडू टाकून टाळ्या पिटल्या. बोटभराची पुढे चार बोटं झाली, मग पाठीवर वाळूची पिशवी आली, मग पोतं आलं. पोतं पाठीवर घेऊन दुखरा पाय चांगल्या पायाच्या बरोबरीने काम करू लागला तेव्हा बाईंनी परवानगी दिली. "जा. पण पुन्हा दुखणं लपवलंत तर लाथ मी घालीन."

आणि कपाट? कपाट तिथेच होतं, दुसऱ्या मजल्याच्या चौकात. मधे हमालांच्या दोन जोड्या ते न्यायला आल्या होत्या. एकीने वळणावर कोपरा ठोकला, दुसरीने तर आरशावर हातच टेकला. शिवणवाल्या बाईंनी दोन्ही जोड्यांना हाकललं. "ज्याने पाय मोडून घेतला पण आरसा मोडू दिला नाही, तोच नेईल," म्हणाल्या. गिऱ्हाइकं चौकात येऊन कपडे अंगाला लावून बघायची आणि शेजारपाजारचे जाता-येता भांग पाडून घ्यायचे.

"ते खाली उभे राहतायत," बायकोने भावाला सांगितलं. "वर परका माणूस उभा करू का?" सकाळी मेहुणा चौकात हजर होता.

उचललं. सगळी इमारत कठड्यांवरून डोकावत होती. मेहुण्याचा आवाज फुटत नव्हता, तरी तो म्हणत गेला, "पायरी... पायरी... वळण..." मधल्या चौकात मात्र "सपाट" म्हणायच्या जागी त्याने नुसता घसा खाकरला. दाजी खाकरण्यावरच उतरले. टाच ओढत होती, पण धरून होती. बायको तळमजल्यावर पदराचं टोक चावत उभी होती.

मग शेवटची पायरी आली. दाजींना ती पायाखाली कळत होती, न कळायला काय झालं? वरून पुन्हा खाकरणं ऐकू आलं. दाजी जागचे हलले नाहीत.

"दाजी, टाका की पाऊल."

"शब्द दे."

"दाजी, हात भरून आले..."

"माझेही आलेत. शब्द दे."

"सपाट," मेहुणा पुटपुटला.

"काय? ऐकू नाही आलं."

"सपाट, दाजी."

"अरे, जेवला नाहीस का? ओझं माझ्यावर आणि दम तुला?"

"सपाट!" मेहुणा असा ओरडला की रस्त्यावरचा चहावाला आत डोकावला. "सपाट आहे, दाजी! सपाट!"

दाजींनी मान वळवली नाही. शिवलेलाच पाय मागे टाकला. आधी बोटं, मग चवडा, मग अख्खी टाच, फरशीवर घट्ट.

सपाटच होतं.

कपाट टेकवलं. बाईंनी आरसा पाहिला आणि पदराने उगाचच पुसला. मेहुणा कपाटाला वळसा घालून आला, मटकन खाली बसला आणि दाजींची टाच दोन्ही हातांत धरून हमसून हमसून रडू लागला. दाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊठ रे," ते म्हणाले. "आता घाल लाथ. बघू, पडतो का ते."