अंगणात काढलेली हद्द

सरकारी कागद पाहण्याचा हक्क आता प्रत्येकाला कायद्याने मिळाला आहे. आमच्या काळी हक्क नव्हता, अर्ज होता. मी ज्या खात्यात नोकरी केली ते पुढे मोडले गेले, त्यामुळे त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याच्या दुर्गच्या कार्यालयात नकाशे आणि जुन्या फायली माझ्या ताब्यात असत. राहायला आम्ही भिलाईत, स्मृति नगरात. मी आणि पत्नी, दोघेही भंडाऱ्याकडचे. राज्य मध्य प्रदेश होते. कार्यालयाची भाषा हिंदी, घरची मराठी, आणि बाजारात ज्याला जी साधेल ती.

बाहेरच्या माणसाला खात्याचा एखादा कागद हवा असेल तर दोन मार्ग होते. पहिला नकलेचा. नकलेला कार्यपालन यंत्र्यांची, म्हणजे आमच्या साहेबांची, मंजुरी आणि शिक्का लागे. दुसऱ्याला मुआयना म्हणत. तिकीट लावून अर्ज द्यायचा आणि ठरल्या दिवशी येऊन कागद नुसता पाहायचा. हात लावायचा नाही, पेन्सिल काढायची नाही. पाने मी उलटायची. मुआयन्याला माझी सही पुरत असे. इतक्या वर्षांत जे थोडे लोक आले ते सारे ठेकेदार होते.

वस्तीपलीकडे एक तलाव होता आणि त्याला लागून शासनाने राखून ठेवलेले रान. पत्नी पहाटे तिकडे फिरायला जात असे. रानातली चितळे त्या वेळी पाण्यावर येत. ती त्यांना लांबून पाही आणि परत येऊन चूल पेटवी. त्यांच्याविषयी ती फारसे बोलत नसे. पण ज्या दिवशी ती दिसत नसत, त्या दिवशी चहा उशिरा होई, एवढे माझ्या लक्षात आले होते.

एका हिवाळ्यात खात्याने तलाव आणि रान यांच्यामध्ये गोदामासाठी जागा घेतली आणि रानाच्या हद्दीवर भिंत घालायला सुरुवात केली. पायाचा चर नेमका चितळांच्या वाटेवरून गेला. कामावरचा ओव्हरसियर आमच्याच भागातला, तुमसरचा. कुटुंब गावी असल्यामुळे रविवारी तो आमच्याकडे जेवायला येई. पत्नीने त्याला चराजवळच गाठले.

“भाऊजी, जनावरं पान्याले कुठून जातील?”

“वैनी, नकाशात हाय तसं बांधून राहिलो मी. जनावरायनं माह्याकडं काही अर्ज नाही केला.”

त्या संध्याकाळी तिने मला सांगितले, मले तो नकाशा पाहाचा हाय. कार्यालयाच्या गोष्टी घरी बोलायच्या नाहीत, हा माझा जुना शिरस्ता होता. मी अर्ज करायला सांगितले. मी टाळतो आहे असे तिला वाटले. मी टाळत नव्हतो. दुसरा मार्गच नव्हता.

तिचा अर्ज टपालाने आला. हिंदी नेटके होते. कारणाच्या रकान्यात तिने हरणांच्या पाण्याची वाट असे लिहिले होते. मी सही केली, तारीख दिली, आणि त्या दिवशी ती टेम्पोने दुर्गला आली. लग्नकार्यात नेसायचे लुगडे नेसून आली होती. मी तिला ‘आपण बसा’ म्हटले. शिपायाने चहा आणला. अर्जदाराला चहा देण्याची पद्धत नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि कप तिच्यापुढे ठेवला.

मी गुंडाळी उलगडली. आत दोन नकाशे होते, एक मूळ आणि एक सुधारलेला. गुंडाळ्यांना वाळवी लागू न देणे हे माझे काम. त्या उघडून वाचणे हे काम नव्हते, म्हणून सुधारलेला नकाशा मीही त्या दिवशीच प्रथम पाहिला. त्यात भिंतीत ठिकठिकाणी मोकळ्या वाटा सोडल्या होत्या. जनावरांसाठी त्या ठेवाव्यात, अशी वनखात्याची अट कडेला लिहिलेली होती.

“किती वेळ पाहता येते?” तिने विचारले.

“कार्यालय बंद होईपर्यंत.”

ती कार्यालय बंद होईपर्यंत बसली. टेबलाखाली तिची बोटे हलत होती. मी समजलो, जप करते आहे.

नंतर तिने नकलेचा अर्ज केला. साहेबांनी नामंजूर केला. विषय हद्दीचा आहे, नकाशा बाहेर जाणार नाही, असा शेरा होता. उत्तराचा मसुदा मीच केला आणि आमच्याच घरच्या पत्त्यावर पाठवला. पत्र आले तेव्हा मी ओसरीवर होतो. तिने ते उभ्यानेच वाचले.

“अक्षर वळनदार हाय तुमचं,” एवढेच ती म्हणाली.

मग तिने मला सरळ प्रश्न केला. नकाशात वाटा आहेत आणि भाऊजी नाही म्हणतात, तर खोटे कोण बोलते? कोणीच नाही, असे मी म्हणालो. कामावर बहुधा मूळ नकाशाच गेला असावा. तशी टीप मी साहेबांकडे पाठवलीही. कामावरची प्रत तपासून घ्यावी, एवढाच मजकूर होता. टीप इतर कागदांखाली पडून राहिली. तिकडे भिंत कमरेएवढी झाली होती आणि रानातली डबकी आटू लागली होती. उन्हाळ्याच्या आत वाट मोकळी झाली नाही तर चितळे तहानेने मरतील, नाहीतर पाण्याच्या शोधात सडकेवर येतील. हे तिने एकदाच बोलून दाखवले. पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी तिने अंगण सारवले आणि ठिपके मांडायला घेतले. एखादा सण माझ्या ध्यानातून गेला असेल असे मला वाटले, म्हणून मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. तिने नीळ कालवून एक मोठा आकार भरला. मग गेरूची रेघ निघाली, एका कोपऱ्यावर वळली, पुढे तुटली, पुन्हा सुरू झाली. ते वळण मी ओळखले. टेबलाखाली ती जप करत नव्हती, ठिपके मोजत होती.

मान वर न करता ती म्हणाली, “ही नक्कल होते का?”

मी विचार करून उत्तर दिले. “नक्कल कागदावर असते. तिच्यावर शिक्का असतो.”

“मंग काढून घेतो.”

ते अंगण आता फरसबंद आहे आणि तिथे नातवाची मोटार उभी असते. पण तांबडी रेघ, निळे पाणी आणि रानासाठी टाकलेले पांढरे ठिपके मला अजून जसेच्या तसे दिसतात. त्या घरात आम्ही पुष्कळ दिवाळ्या केल्या. त्यांतली एकही रांगोळी मला आठवत नाही.

ओव्हरसियर जेवायला आला तो फाटकातच थबकला.

“वैनी, आज कोनता सन काढला?”

“तुमची भिंत हाय, भाऊजी. पाय नोका देऊ.”

तो हसत हसत रेघेच्या कडेकडेने चालू लागला. गोदाम ओळखले, तलाव ओळखला, तिच्या हाताचे कौतुक केले. मग रेघ तुटली होती तिथे थांबला.

“इथं खाली कावून सोडलं?”

“मी नाही सोडलं. तुमच्या साहेबायनं सोडलं.”

त्याने माझ्याकडे पाहिले. कामावर आलेल्या नकाशात भिंत सलग आहे, असे तो म्हणाला. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हते. उद्या कार्यालयात या आणि सुधारलेल्या नकाशासाठी लेखी मागणी आणा, असे मी त्याला सांगितले.

“बापा, तुमी तं जेवाले बसतानीबी अर्ज मांगसान,” तो म्हणाला. जेवला मात्र थोडेच.

तो दुसऱ्या दिवशी आला. तो खात्याचाच माणूस, त्याला मंजुरीची अडचण नव्हती. दोन्ही नकाशे साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. साहेबांनी ते पाहिले आणि कडेची वनखात्याची अट वाचली. संध्याकाळपर्यंत माझी टीपही सहीनिशी परत आली. ज्या वाटांवर बांधकाम झाले होते तिथली भिंत पाडली गेली. बाकीच्या वाटा मोकळ्या सोडून काम पुढे गेले.

चितळे मात्र आली नाहीत. पत्नी रोज पहाटे जाई आणि लवकर परत येई. चुना आणि सिमेंटचा वास त्यांना खपत नसावा. एकदा तिने विचारले, आपल्याकडून उशीर झाला का? दुसऱ्या दिवशी ती शेणाची पाटी घेऊन गेली आणि वाटेच्या दोन्ही बाजूंच्या विटा तिने सारवल्या. ओव्हरसियर तिथे उभा होता. सरकारी भिंतीले सारवन पहिल्यांदाच पाहून राहिलो, असे म्हणून त्याने मजुराकडून तिला पाणी आणवून दिले.

त्यानंतर काही दिवसांनी एका पहाटे तिने मला उठवले आणि नुसते ‘चला’ म्हटले. मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो. आम्ही तलावाच्या बांधावर बसलो. उजाडता उजाडता एक मादी भिंतीच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिने वीट हुंगली. मागे वळली, पुन्हा आली. मग मान खाली घालून ती वाटेतून अलीकडे आली आणि पाण्यावर गेली. तिच्या मागून बाकीची आली. त्यांत दोन पाडसे होती.

पत्नीने पदर तोंडाशी धरला होता. ती हलत नव्हती, म्हणून मीही हललो नाही. चितळे बराच वेळ पाणी प्यायली. ऊन वर आले, माझी दुर्गची बस निघून गेल्याचा आवाज आला, आणि शेवटचे पाडस पाण्यातून बाहेर येईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.