आठ उमेदवारांचं स्वागत

मुकुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी योकोहामा स्टेशनात उभा होतो आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर पक्षाध्यक्षपदाचे आठही उमेदवार हातात पांढरे पुठ्ठे धरून ओळीने उभे होते. ही इथली रीत आहे. प्रत्येकाने ब्रशने एकेक शब्द लिहायचा आणि तो छातीशी धरायचा... निर्धार, भविष्य, सुरक्षा. पोलीस ठाण्यात फोटो काढताना पाटी धरायला लावतात तसंच दिसतं, फक्त हे लोक हसत असतात. "शिरीषभावजी, हे उठत नाहीयेत," वैशालीवहिनी म्हणाल्या. मागून अँब्युलन्सच्या माणसांचं हळू आवाजातलं, फार सभ्य जपानी ऐकू येत होतं. त्या सभ्यतेवरूनच मला काय ते कळलं.

मी आणि मुकुंदा पुण्याहून एकाच कंत्राटावर आलो होतो. मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे. मुकुंदाने काही वर्षांपूर्वी जपानी नागरिकत्व घेतलं. "आयुष्यभर दारात उभं राहून आतलं बोलणं ऐकायचं, त्यापेक्षा आत जाऊन बसावं," असं त्याचं म्हणणं. इथे सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष होईल तोच बहुधा पंतप्रधान होतो, आणि त्याला निवडताना वर्गणी भरणाऱ्या सभासदांनाही टपालाने मत देता येतं. म्हणून भारतात एकाही पक्षाची पावती न फाडलेला हा माणूस इथे सभासद झाला. वहिनींनी मात्र पासपोर्ट बदलला नाही. त्यांची आई पुण्यात अंथरुणाला खिळलेली. त्या वर्षातले कित्येक महिने तिकडे असत. परिणामी त्या इथे राहत होत्या त्या जपानी नागरिकाची पत्नी म्हणून मिळालेल्या व्हिसावर. कायमच्या वास्तव्याचा अर्ज "पुढच्या वर्षी" करायचा होता. मूलबाळ नाही. आई गेल्यावर पुण्यात घर उरलं नव्हतं. आणि मुकुंदाचं हृदय तर एव्हाना डॉक्टरांच्याच भाषेत बोलायला लागलं होतं. "मी गेलो की हिचा व्हिसाही माझ्याबरोबर सती जातो," तो एकदा म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मग जाऊ नका." विषय तिथेच संपला.

उमेदवारांची संख्या वाढत चालली तसा मुकुंदा खुलत गेला. चौथा उभा राहिला तेव्हा त्याने मला फोन केला, सहावा आला तेव्हा जेवायलाच बोलावलं. आठवा जाहीर झाला त्या दिवशी वहिनींना शिरा करायला लावला. त्यामागे मिरजेतला त्याचा लहानपणचा अनुभव होता. त्यांच्या वॉर्डात दोनच उमेदवार असत तेव्हा कुणी ढुंकून बघत नसे. एका वर्षी मात्र गर्दी झाली आणि मुकुंदाच्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वाकून नमस्कार केला. "उमेदवार वाढले की मतदार साहेब होतो, शिऱ्या. आठ जणांत एक तरी आपल्याबद्दल बरं बोलेल की नाही?"

"आठांपैकी कुणी आपल्याकडे चहाला येणार आहे का?" वहिनींनी आतून विचारलं.

"येतील. रांग लागेल."

"मग दूध जास्तीचं आणून ठेवा."

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. प्रचाराच्या शुभारंभाला प्रत्येक गटाने कटलेट घातलेली करी-भाताची ताटं फस्त केली, कारण ती खाल्ली की विजय मिळतो अशी इथे समजूत आहे. टीव्हीवर सुटाबुटातली शे-दोनशे माणसं गंभीर चेहऱ्याने करी खाताना पाहून मुकुंदा म्हणाला, "बघ, करी आपल्याकडून निघाली, पण वाटेत इंग्रजांच्या घरी राहून आली. म्हणून तिला कुणी व्हिसा विचारला नाही." आम्ही खूप हसलो.

मग एका उमेदवाराने एका सभेत परदेशी लोकांबद्दल एक वाक्य टाकलं. फार कडक नव्हतं; नियम पाळलेच पाहिजेत, एवढंच. टाळ्या मात्र बऱ्याच पडल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने त्यात विशेषण घातलं. तिसरा व्हिसाच्या अटींवर आला, चौथ्याने विचारलं की इतकी माणसं हवीतच कशाला. मुकुंदा रोज बातम्या पाहायचा आणि रोज एकेकाला वजा करायचा. त्याच्या मिरजेच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती, ती त्यालाच आधी कळली. गर्दीत आपला आवाज ऐकू यायचा तर ओरडावं लागतं, आणि ओरडायला सगळ्यात स्वस्त विषय म्हणजे ज्याला मत नाही असा माणूस. त्यांच्या घरात मत एकालाच होतं.

तरी एक उमेदवार उरला होता. मवाळ, चष्मेवाला, वाक्य पूर्ण करण्याआधी विचार करणारा. तो आमच्या भागात सभेला येणार म्हणून मुकुंदा मला ओढत स्टेशनासमोरच्या चौकात घेऊन गेला. सभेआधी उमेदवार कठड्याशी येऊन लोकांचे हात हातात घेत होता. मुकुंदापाशी आला, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि मनापासून, हो, मला तरी तसंच वाटलं, अगदी मनापासून म्हणाला, "जपानमध्ये आपलं स्वागत असो."

मुकुंदा म्हणाला, "आभारी आहे. मी आपल्या पक्षाचा सभासद आहे. मतदार."

उमेदवाराने शेजारच्या मदतनीसाकडे पाहिलं. हसू जागचं हललं नाही. "जपानी फार छान बोलता," तो म्हणाला आणि पुढच्या हाताकडे वळला. मग गाडीच्या टपावर चढला आणि त्यानेही परदेशी लोकांबद्दलचं ते वाक्य म्हटलं. त्याने ते अपराधी चेहऱ्याने म्हटलं, हे नमूद करायला हवं. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

परतीच्या गाडीत मुकुंदा म्हणाला, "उद्यापासून हिच्या अर्जाच्या मागे लागायचं. पुढच्या वर्षी अटी काय असतील देव जाणे." मत कुणाला दिलं हे मी नंतर विचारलं. "जो सगळ्यात कमी बोलला त्याला. घाबरू नकोस, तो निवडून येत नाही." अर्जाचे निम्मे कागद जमले होते, तेवढ्यात ती सकाळ आली...

अंत्यविधीला पक्षाच्या स्थानिक कार्यालयाची शोकतार आली. अशा तारा इथे मोठ्याने वाचून दाखवतात. सोनेरी कडांची घडी, उंची कागद, आणि मुकुंदाच्या 'दीर्घ सेवेबद्दल' कृतज्ञता. निवेदकबाईंनी त्याचं नाव दोनदा वेगवेगळं उच्चारलं. वहिनींनी मान लववून ती तार स्वीकारली, जशी आजवर इथली प्रत्येक गोष्ट स्वीकारली होती. त्याच आठवड्यात निकाल लागला. कोण जिंकलं याने फारसा फरक पडत नाही. उरलेले सातही जण त्याच्यामागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पुढे व्हिसा बदलून मागण्यासाठी मी वहिनींबरोबर इमिग्रेशनच्या कचेरीत गेलो. काउंटरवर एक तरुण अधिकारी होता, नम्र, थकलेला. त्याने विचारलं, पती हयात नाहीत, नातेवाईक नाहीत, तर आता जपानमध्ये राहण्याचं कारण काय? मी उत्तर तयार करून गेलो होतो. त्यात इतकी वर्षं, संस्कृती, ऋणानुबंध असं सगळं होतं. मी तोंड उघडायच्या आत वहिनी आपल्या मोडक्या जपानीत म्हणाल्या, "बुधवारी आमच्या घराची कचऱ्याची पाळी आहे. पिशव्यांवर जाळी घालायची असते. नवरा घालायचा. आमच्याकडे कावळे फार आहेत."

अधिकाऱ्याने वर पाहिलं. काहीतरी लिहिलं. उत्तर टपालाने येईल, म्हणाला.

त्या बुधवारी मी सकाळीच गेलो. वहिनी मुकुंदाचे रबरी हातमोजे घालून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. बोटांची टोकं रिकामी, लोंबणारी. निळी जाळी पिशव्यांवर पसरून त्यांनी चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मी म्हटलं, "झालं की, चला वर."

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि वाकून जाळीचा प्रत्येक कोपरा एकेकदा ओढून पाहिला. "हे असंच करायचे. वीट ठेवली म्हणजे जाळी बसली असं नाही, म्हणायचे."

तारेवर कावळे येऊन बसले होते. आम्ही वर जाताना टपालपेटी उघडून पाहिली. काही आलं नव्हतं.