तीन शब्द मागे

घरच्या ग्रुपवर मास्तरांचं अभिनंदन नेहमी भलत्याच जागी पडतं. नात वकिलीची परीक्षा पास झाल्याचं तिनं सकाळी कळवलं. त्यावर भराभर अंगठे उमटले, मग विषय मेहुण्यांच्या दाढेवर गेला, दाढ उपटली, रक्त थांबलं, डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलं, आणि त्याच्या बरोबर खाली मास्तरांचे शब्द येऊन बसले : मनःपूर्वक अभिनंदन, असंच यश मिळत राहो. मेहुण्यांनी सुजलेल्या गालानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मास्तर आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. तारऑफिसात होते म्हणून तारमास्तर, आणि तार गेली तसे नुसते मास्तर उरले. एका बोटानं ते मोबाइलवर अक्षरं वेचतात तेव्हा खुर्चीखाली त्यांची उजवी टाच फरशीवर ठोके देत असते. कुणाला वाटतं वयाचा कंप आहे. डॉक्टरांनी एकदा त्यावर गोळी लिहून दिली होती. बायकोनं ती आणलीच नाही. त्या टाचेनं एकदा घर सावरलंय, तिला गोळी कसली द्यायची, असं तिचं म्हणणं.

उशिरा बोलण्याची ही खोड वयामुळे आलेली नाही. ती त्यांच्या धंद्यानं लावली. तारेवरून मोर्सचे ठोके यायचे, कट्ट, कड्, कट्ट. नवखा माणूस अक्षर ऐकलं की अक्षर लिहायचा, आणि दहाव्या शब्दाला त्याचा दम तुटायचा. मुरलेला माणूस घाई करत नसे. कान पुढे चालू द्यायचा आणि हात तीन शब्द मागे ठेवायचा. मधले तीन शब्द डोक्यात कुठंतरी अधांतरी उभे, ओट्यावर निथळत ठेवलेल्या भांड्यांसारखे. मास्तरांचा हात बावीस वर्षं असा मागून चालला, आणि हळूहळू सगळा माणूसच तीन शब्द मागे राहू लागला. विनोदावर ते हसायचे तेव्हा बाकीचे हसून गप्प झालेले असत. बायको म्हणायची, लग्नाला हो म्हणतानाही यांनी भटजींना घाम फोडला होता.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा पाळी संपल्याची घंटा झाली आणि ते उठले. हात उचलला तेव्हा कानात तीन शब्द उरले होते. तारीख बदलल्याचे. ते कागदावर उतरले नाहीत, आणि एक म्हातारा बाप मुलाला घ्यायला दोन दिवस स्टेशनच्या बाकावर बसून राहिला. कुणी रागावलं नाही, चूक फाइलमध्ये गेली. पण त्या बाकावरचा म्हातारा मास्तरांच्या आत कुठंतरी बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून घंटा होवो नाहीतर छप्पर पडो, घेतलेला शब्द उतरवल्याखेरीज त्यांचा हात थांबत नसे.

मास्तर चव्वेचाळीस वर्षांचे असताना ऑफिसात टेलिप्रिंटर आले. राखाडी, अंगानं दणकट, माणसाची वाट न पाहणारे. इकडे टंकलेलं तिकडे आपोआप छापून निघणार. मधे कान कशाला हवा? साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं : सहा आठवडे मुदत, मग परीक्षा. समोरचा कागद पाहून पाच मिनिटं टंकायचं, जुन्या माणसांना सवलत म्हणून मिनिटाला वीसच शब्द. जमलं तो यंत्रावर बसेल. नाही जमलं तो तळघरातल्या भांडारात, जुन्या तारा आणि तारेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या वाट्या सांभाळायला. तळघरात आधीच गेलेला एक सहकारी दुपारी डबा खायला वर यायचा तेव्हा उजेडाकडे डोळे बारीक करून बघायचा. मास्तरांना तळघराची भीती नव्हती. तिथं ऐकायला काहीच नव्हतं, याची होती.

घरात यंत्र नव्हतं. चपलांच्या खोक्याच्या झाकणावर त्यांनी टेलिप्रिंटरची सगळी अक्षरं जागच्या जागी काढली आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते झाकण समोर ठेवून बसू लागले. बायको कणीक मळता मळता वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची. कधी भरभर, कधी मधेच थांबून, "हा मंत्री काय बोलतोय हे त्याला तरी कळतंय का," असं स्वतःचं जोडून. मास्तरांची बोटं तेही टंकायची. पंधरा दिवसांत ते झाकणावर सुसाट झाले.

मग त्यांनी वर्तमानपत्र स्वतःसमोर उभं केलं, आणि सगळं थांबलं. डोळे ओळीच्या टोकाला जाऊन बसत, बोटं ओळीच्या सुरुवातीला. मधे आवाज नव्हता, म्हणजे मधे काहीच नव्हतं. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी त्यांनी झाकण उलटं करून ठेवलं.

बायको हात पुसत समोर येऊन बसली.

"तुम्हांला कानानं जेवायची सवय," ती म्हणाली. "डोळ्यानं घास कसा उतरेल?"

"परीक्षेत तू थोडीच येणार वाचून दाखवायला."

"मी कशाला? मघापासून टेबलाखाली कोण बडबडतंय ते बघा ना."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांची टाच हलत होती. वर्तमानपत्राची ओळ डोळे वाचत होते आणि टाच ती मोर्समध्ये फरशीवर ठोकत होती, त्यांना न विचारता. त्यांनी झाकण सुलट केलं. डोळ्यांनी कागद टाचेला दिला, टाचेनं तो कानाला पाठवला, आणि बोटं तीन शब्द मागून निवांत चालू लागली. स्वतःच स्वतःला तार पाठवणारा माणूस आपल्या घरात आहे हे बायकोनं शेजारणीला सांगितलं नाही; तेवढं तिनं पोटात ठेवलं.

परीक्षा मुख्य ऑफिसातल्या बाईंनी घेतली. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. नियम त्यांनी एकदाच सांगितला : घंटा झाली की हात वर, त्यानंतर एक जरी अक्षर पडलं तरी कागद बाद. लाकडी फळ्यांच्या जमिनीच्या हॉलमध्ये सहा यंत्रं एकदम खडखडू लागली. मास्तरांची टाच चालू झाली, बोटं मागून निघाली. बाई रांगांमधून फिरत होत्या. मास्तरांच्या मागे येऊन त्या थांबल्या, आणि थांबूनच राहिल्या.

घंटा झाली. पाच जणांचे हात वर गेले. हॉल एकदम गप्प झाला, आणि त्या शांततेत एकच यंत्र चालत राहिलं. तीन शब्द. मग मास्तरांनी हात मांडीवर ठेवले आणि त्यांना कळलं आपण काय केलं ते.

बाईंनी सगळ्यांचे कागद गोळा केले, बाकीच्यांना जायला सांगितलं आणि मास्तरांचा कागद समोर धरला. शब्द पुरेसे होते, चूक एकही नव्हती. त्यांनी लाल पेन्सिलीनं त्यावर आडवी रेघ मारली.

"घंटा ऐकू आली नाही?"

बाईंनी कागद टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली, त्या बसल्या. तेव्हा मास्तरांचं उत्तर आलं.

"आली. पण तीन शब्द घेऊन झाले होते. घेतलेला शब्द टाकवत नाही."

बाईंनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. "तुमचा पाय ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर चार-सहा ठोके दिले. रोज सकाळी तारेवर काम सुरू होताना पलीकडून यायची तीच हाक. आणि शेवटचा ठोका किंचित लांबलेला, दार आपटू नये म्हणून कुणी हातानं धरून लोटावं तसा.

तो ठोका मास्तरांनी अकरा वर्षं ऐकला होता. दूरच्या त्या ऑफिसातल्या माणसाला ते 'पलीकडचा' म्हणत. कामापलीकडे एक शब्द कधी झाला नव्हता, पण सर्दी झाली की पलीकडच्याचा हात जड होतो, सुट्टीच्या आदल्या दिवशी हलका होतो, हे त्यांना ठाऊक होतं. घरी त्यांनी त्याचं वर्णनही केलं होतं : सडपातळ, मिशा राखलेला, विडीचं व्यसन असावं. मग एक दिवस तो हात तारेवरून गेला. बदली झाली असेल नाहीतर माणूस गेला असेल, तारेवर यातला फरक कळत नाही. मास्तरांनी तेव्हा दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही गेलात," ते म्हणाले. या वेळी लगेच म्हणाले.

"बढती मिळाली. थोडंफार तसंच." बाई पहिल्यांदा हसल्या. "जमिनीच्या फळ्यांतून तुमची टाच माझ्या तळव्याला लागली. म्हटलं, हा हात इथं खाली कुठं आला?"

मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि आवाज परत कोरडा केला. रेघ मारलेली पुसता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. ओळख निघाली म्हणून नियम सैल केला तर बाकीच्या पाचांना काय तोंड दाखवायचं. मास्तरांनी मान डोलावली. त्यांना ते पटलंही होतं. पण दुपारी तीनला गैरहजर राहिलेल्यांची बॅच होती, आणि बाद झालेल्याला त्याच दिवशी एकदा पुन्हा बसता येतं हेही त्याच नियमांच्या कागदावर छापलेलं होतं. खालच्या ओळीत, जिथं कुणी वाचत नाही तिथं. बाईंनी बोट ठेवून दाखवलं.

"घड्याळ भिंतीवर आहे," त्या म्हणाल्या. "पाय आधी थांबवा. हात मागून येईल."

तीनपर्यंत मास्तर हॉलबाहेरच्या बाकावर बसून राहिले. डबा उघडला, तसाच बंद केला. आयुष्यभर त्यांनी हात थांबू दिला नव्हता. ऐकणंच आपण होऊन थांबवायचं, हे कधी सुचलंच नव्हतं. कागदावर शब्द समोर दिसत असताना ते घ्यायचे नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांना वाटलं, तो म्हातारा बसलाय. त्यांनी त्याला मनातल्या मनात सांगितलं की हे शब्द कुणाचे नाहीत, परीक्षेचे आहेत, यांची वाट कुणी पाहत नाही. सांगायला वेळ लागला. पण सांगून झाल्यावर बाक थोडा मोकळा वाटला.

दुपारी यंत्रं पुन्हा खडखडली. घड्याळाचा काटा शेवटच्या फेरीत तीन चतुर्थांश पुढे गेला तेव्हा मास्तरांनी टाच उचलली आणि हवेत धरली. कागदावरची ओळ पुढे धावत होती. ती त्यांनी जाऊ दिली. बोटांनी एक शब्द उतरवला, दुसरा, तिसरा. मग हात वर. घंटा त्यानंतर झाली. बावीस वर्षांत मास्तर पहिल्यांदा कशाच्या तरी आधी पोहोचले होते.

बाईंनी शब्द मोजले, सही केली, लाल पेन्सिल पर्समध्ये ठेवली. निघताना दाराशी त्या थांबल्या आणि चौकटीवर बोटाच्या पेरानं काम संपल्याची खूण वाजवली, शेवटचा ठोका हातानं धरून. मास्तरांनी टाचेनं पोच दिली.

त्या संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, झालं का. मास्तरांनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायले. ती कमरेवर हात ठेवून उभीच होती. इतक्या वर्षांत तिला वाट पाहणं जमलं होतं.

"झालं," ते म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं, पलीकडच्यापासून.

बायकोनं ऐकून घेतलं. "म्हणजे अकरा वर्षं एका बाईशी बोलत होतात," ती म्हणाली, "आणि मला सांगत होतात मिशा आहेत."

टेलिप्रिंटरवर मास्तर दहा वर्षं बसले. मग फॅक्स आला, मग संगणक, आणि प्रत्येक वेळी ऑफिसातली तरणी पोरं धास्तावली की ते त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून म्हणायचे, यंत्राच्या वेगानं पळू नका, आपला वेग त्याला जोडा. चपलांच्या खोक्याचं झाकण अजून माळ्यावर आहे.

परवा नातीनं त्यांना ग्रुपवरच विचारलं, आजोबा, तुमचं उत्तर इतकं उशिरा का येतं? त्यानंतर हवामानावर चर्चा झाली, कुणाच्या तरी नव्या सोफ्याचा फोटो आला. खुर्चीखाली टाच वाजत होती. बायकोनं स्वयंपाकघरातून कान दिला आणि हातातला झारा खाली ठेवला. ठोक्यांचा अर्थ तिला अजून कळत नाही, पण ते कधी थांबणार हे कळतं.

टाच थांबली. आणि सोफ्याच्या खाली मास्तरांचे शब्द उमटले : उशीर होतो, पण पोहोचतं.