काठाचा फोटो वाजला

अप्पांना कॅमेऱ्याची भीती होती आणि टेपरेकॉर्डरची नव्हती, सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आमच्या घरी खाली दोन पॉवरलूम आणि वर आम्ही. चिकपेटच्या साडीबाजारामागच्या गल्लीत नव्वदनंतरच्या त्या वर्षांत दर दुसऱ्या घरात माग होता, दिवसभर खटखट. अप्पा रेशमी साड्यांचे काठ करायचे. नक्षी आधी ग्राफ पेपरवर काढायची आणि मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. एक आडवा धागा म्हणजे एक पुठ्ठा. जिथे भोक, तिथला उभा धागा मागावर उचलला जातो. भोक नाही तिथला खाली राहतो. असे दोनशे चाळीस पुठ्ठे दोऱ्याने एकाला एक बांधले की झाला काठ. म्हणजे ज्याच्या हातात पुठ्ठे, त्याच्या हातात काठ. गल्लीत भोकं पाडून देणारे होते, पण अप्पा कुणाला देत नसत. तीन वर्षांपूर्वी त्यांचा आंब्याचा काठ आमची साडी दुकानात पोचायच्या आधीच दुसऱ्याच्या साडीवर दिसला होता. तेव्हापासून घरात कुणी आलं की पुठ्ठ्यांवर चादर. माझ्या मैत्रिणी आल्या तरी चादर. सख्खे मामा आले तरी चादर, आणि आई त्यावरून चार दिवस अप्पांशी बोलली नव्हती.

अशा घरी तो आला. तिशीचा असेल, दाढी वाढलेली, हातात एक केसाळ गोळा आणि खांद्याला टेपरेकॉर्डर. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं, मी आपल्या भाषेत सांगते.

"एनप्पा, काय रे, हे मांजर कुठे घेऊन चाललास?" अप्पा.

"माईक आहे अण्णा. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून केसाचं कव्हर."

"पाहिजे काय तुला?"

"तुमच्या मागाचा आवाज. त्याचं संगीत करणार."

अप्पांनी त्याच्या चपला बघितल्या, मग बॅग बघितली. "कुठल्या दुकानाने पाठवलं?"

"कुठल्याच नाही."

"दुकानाचं नाव सांगितलंस तर चहा देईन. नाही सांगितलंस तर पाणी."

तो पाणी प्यायला. शेवटी अप्पा म्हणाले, सरी, ठीक आहे, आवाज घे, आवाजावरून काठ विणता येत नाही, पण कॅमेरा ह्या दारातून आत आला तर माणूस बाहेर जाणार नाही. आणि तो तासभर मागापुढे डोळे मिटून बसला. अप्पा त्याच्या पापण्या बघत उभे. म्हणे किलकिले करून बघतोय का ते बघत होतो.

मी बी.कॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला हे सगळं भयंकर आवडलं. आठवड्याभरात मी इंदिरानगरला त्याच्या घरी. तिथे एक फोटोग्राफर अक्का होती, दोघं मिळून काम करायची. ती बिल्डिंगचे फोटो काढायची आणि हा ते वाजवायचा. म्हणजे खरंच वाजवायचा. उघडी खिडकी असेल तिथे सूर, बंद खिडकी असेल तिथे गप्प, एकेक मजला घेत खालून वर. मला वाटलं आपल्याला बनवतायत. मी अप्पांचीच मुलगी ना. त्याची पाठ वळली तेव्हा मी फोटो उलटा करून ठेवला. त्याने वाजवला तर वेगळंच काहीतरी आलं. तो थांबला, बघितलं, हसला आणि परत उलटाच वाजवला. मग पटलं. स्वल्प पटलं.

आणि मग माझ्या तोंडून निघालं, की आमच्याकडे तर असे पुठ्ठेच आहेत, भोक असेल तिथे धागा वर.

दोघं माझ्याकडे अशी बघायला लागली की मला कळलं आता ही सोडत नाहीत.

मी मूर्ख नव्हते. अप्पांनी चार महिने खपून लग्नसराईसाठी नवा काठ केला होता, तो मी मेले तरी दिला नसता. चिकपेटच्या दुकानदाराने त्याच काठाच्या साड्या मागितल्या होत्या, दुसऱ्या कुणाकडे दिसला तर एकही घेणार नाही असं बजावून. पण तो आंब्याचा जुना काठ आता गावभर झालेला, त्याचं काय लपवायचं? सोमवारी अप्पा बाजारात गेल्यावर मी फळीवरून चिठ्ठी वाचून गठ्ठा काढला. 'आंबा, जुना', अप्पांच्याच अक्षरात. गच्चीवर कपड्यांच्या दोरीला पुठ्ठे टांगले, भोकाभोकातून आभाळ दिसत होतं. अक्काने वीस-वीस पुठ्ठ्यांचा एक फोटो असे बारा फोटो काढले. अप्पा यायच्या आत गठ्ठा परत फळीवर. मी चिठ्ठीसुद्धा होती तशी तिरकी लावली.

दोन महिन्यांनी प्रदर्शन. इंदिरानगरमधली छोटी गॅलरी, दहा दिवस. भिंतीवर बारा फोटो, दाराएवढे, पण छापलेले उलटे: पुठ्ठा पांढरा आणि भोकं काळी. मधे त्याचं यंत्र. पुठ्ठ्यावर भोकांच्या आठ ओळी असतात, म्हणून यंत्राला उजेड ओळखणारे आठ डोळे आणि आठ सूर. त्याच फोटोंची, पण सुलट, लांब फिल्म बल्बपुढून सरकायची, भोकांतून उजेड यायचा. ओळीत भोकं जास्त तर तो सूर मोठा, कमी तर बारीक, भोक नाही तर बंद. मागून टेपवर आमच्या मागाची खटखट. लोक हातात ज्यूस घेऊन अतिशय गंभीर.

मी पहिला मिनिटभर नुसती खूष. मग मी नीट ऐकायला लागले.

आंब्याचा काठ मी तीन वर्षांपूर्वी रोज ऐकलाय, जास्त धागे उचलले की मागाचा ठोका जड. तो हळूहळू भरत जातो, जड, अजून जड, मग एकदम रिकामा. हे तसं नव्हतं. हे पाच हलके, एक भारी, दोन हलके, एक भारी. हे मी गेला आठवडाभर अभ्यास करताना पायाखालून ऐकत होते. हा नवा काठ होता.

कसं काय ते मला तिथे उभ्याउभ्याच कळलं. अप्पांनी चोराला फसवायला नव्या काठावर जुन्याची चिठ्ठी लावली होती.

आता प्रत्येक माणूस मला चोर दिसायला लागला. एकजण वहीत भराभर काहीतरी काढत होता, चौकोन चौकोन. मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले, श्वास धरून. तो लोकांच्या चपला काढत होता. तरी मी पानं उलटेपर्यंत हलले नाही.

मग मी संगीतवाल्याला कोपऱ्यात घेतलं. "हे सगळं काढ. आत्ता."

"का? काय झालं?"

"अप्पांचा नवा काठ आहे हा. कुणीही मोजून विणेल."

"इथे कुणाला विणता येतं?"

हे तो इतकं सहज म्हणाला की मला वाटलं, ह्याला आधीपासून माहीत होतं का? चहा सोडून पाणी पिणारा माणूस, कुणाचा आहे कोण जाणे.

सकाळी मी अप्पांना सांगितलं. सगळं. ते दात घासत होते, घासायचे थांबले.

"चिठ्ठी कुठली होती?"

"आंबा, जुना."

ते बराच वेळ चूळ भरत राहिले. ओरडणार होते, पण ओरडायला जागाच राहिली नव्हती. मी म्हटलं, अप्पा, फोटो उलटे छापलेत, काळं ते पांढरं आहे. ते म्हणाले, "म्हणून काय? तसंच्या तसं विणलं तर साडी पालथी निघेल. पलटली की आमचाच काठ."

गॅलरी उघडायच्या आधीच आम्ही रिक्षाने तिथे. अप्पा हात मागे बांधून बारा फोटोंपुढून फिरले, एकेका फोटोपुढे पुठ्ठ्यांचे पेन्सिलने घातलेले नंबर वाचत. अक्का आणि तो दाराशी उभे, शाळेत उभं केल्यासारखे.

"वाजव," अप्पा म्हणाले.

त्याने फिल्म सोडली. अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले. आणि ह्यावेळी तो त्यांच्या पापण्या बघत होता. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी सगळं हलकं होतं तिथे एक बारीक, टोचणारा सूर आला आणि गेला. अप्पांनी बोट वर केलं.

"हा कुठला?"

"अण्णा, ती माझी सगळ्यात आवडती जागा आहे."

"आवडीचं नंतर. त्या ओळीत तिथे भोकच नाही. तू पाडलंस?"

"मी पुठ्ठ्यांना हातसुद्धा नाही लावला."

"मग ह्या फोटोवालीने?"

अक्काने निगेटिव्ह आणून उजेडाला धरली. अप्पा आधी निगेटिव्हला नाक लावून, मग भिंतीवरच्या सातव्या फोटोला नाक लावून. भोक होतं. त्यांच्याच पंचचं, एक जास्तीचं. गेला आठवडाभर नमुन्याच्या काठावर दर वितीला एक ठिपका उठत होता आणि अप्पा रेशीमवाल्याशी भांडत होते, रेशीम खराब दिलं म्हणून.

त्यांनी फोटोची चौकट दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाले, "हा फोटो मी नेणार."

"एकच?" तो म्हणाला. "बाकीचे?"

"वीस पुठ्ठे मधून गेले तर ह्या काठाचं कुणी काय करणार? आणि ह्या वीसचा जितक्यांदा फोटो काढलात त्या सगळ्या निगेटिव्ह द्या. फिल्ममधूनही तेवढा तुकडा काप."

त्याने कापला, आमच्यासमोर. कात्री चालवताना त्याचा चेहरा बघवत नव्हता, त्याची आवडती जागा त्यातच होती. मग त्याने तिथे तेवढीच कोरी फिल्म जोडली, काळी, म्हणजे तेवढा वेळ सगळं गप्प. भिंतीवर सातव्या जागी नुसता खिळा. अप्पांनी परत एकदा पूर्ण वाजवायला लावलं आणि त्या गप्प जागेत कान यंत्राजवळ नेला, कुठून काही झिरपत नाही ना म्हणून.

जाताना तो म्हणाला, "अण्णा, कसं वाटलं?"

"माग बरा वाजतो," अप्पा म्हणाले. "भांडण कुणाशी करायचं ते कळलं."

त्या लग्नसराईत तो काठ फक्त आमच्याच साड्यांवर होता, एक भोक बुजवून. अप्पांच्या मते फोटो उतरवून आणला म्हणून. माझ्या मते गॅलरीत कुणी काठ बघायला आलंच नव्हतं. ह्यावर आमचं अजून भांडण होतं.

पण त्या दिवशी ते कुठे माहीत होतं? दाराएवढा फोटो रिक्षात मावेना. अप्पांनी तो मांडीवर आडवा धरला, काच स्वतःकडे, अर्धा बाहेर. सिग्नलला शेजारी दुसरी रिक्षा थांबली, आतल्या बाईने उगाच वाकून बघितलं. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून बाहेरच्या बाजूवर टाकला. बाहेरच्या बाजूला नुसता पुठ्ठा होता, कोरा.

"निगेटिव्ह घेतल्यास?"

"हो."

"उघड. बघू दे."

मी पाकीट उघडलं. सिग्नल सुटला तरी ते एकेक निगेटिव्ह उजेडाला धरून बघत होते.