बोकारे वकील आणि आमचं खरेदीखत

घर घ्यायला निघालेल्या माणसाकडे आधी किस्से जमतात, घर मागाहून मिळतं. पंचाहत्तरच्या सुमाराला आम्ही धरमपेठेत एक लहानसं घर पसंत केलं आणि तेव्हापासून माझ्याकडे इतके किस्से साचले की कुणी नुसतं 'रजिस्ट्री' म्हटलं तरी माझं तोंड सुरू होतं. बायको म्हणते, हे किस्से नाहीत, तुमच्या उतावळेपणाची यादी आहे. असेल. पण आमच्या घरमालकाने मुलाच्या लग्नासाठी दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या, आणि दोन मुली, एक शिलाई मशीन आणि सासूबाईंचे देव घेऊन कुठे जायचं हे मला कळत नव्हतं. अशा वेळी उतावळा होणार नाही तो माणूस कसला?

*

आधी वकील निवडायचा होता. आमच्या कचेरीत प्रत्येकाचा एक वकील होता. शेजारच्या टेबलावरच्या देशपांड्यांच्या वकिलाने त्यांची रजिस्ट्री चार दिवसांत करून दिली होती. पाचव्या दिवशी कळलं की घर देशपांड्यांचं, पण संडास शेजाऱ्याच्या हद्दीत. तेव्हापासून देशपांडे रोज सकाळी शेजाऱ्याला नमस्कार करून, त्याच्या तब्येतीची चौकशी करून मगच आत जात.

तरीही मला म्हणाले, "माझाच वकील धर. अजिबात वेळ लावत नाही."

मला पटलं! चार दिवस म्हणजे चार दिवस.

कुमुदला, म्हणजे बायकोला, पटलं नाही. ती मला सदर नावाच्या वस्तीत बोकारे वकिलांकडे घेऊन गेली. त्यांच्या ओट्यावर बाकं टाकलेली होती आणि बाकांवर माणसं अगदी मुक्कामाला आल्यासारखी बसली होती. कुमुदने एका म्हाताऱ्याला विचारलं, "किती दिवसांपासून येऊन राहिले, भाऊ?"

"हे तिसरं वर्ष हाय, बाई."

मी तिथल्या तिथे उठलो. कुमुदने माझी बाही धरली. "बसा. तीन वर्षं झाली तरी माणूस दुसरीकडे गेला नाही. ह्याच वकिलाकडे काम द्यायचं."

*

बोकारे वकील साठीचे, उंच, अंगात काळा कोट आणि पायात चपला. त्यांची एक पद्धत होती. कुठलाही कागद ते मोठ्याने वाचत. पहिल्या ओळीपासून, स्टॅम्प विकणाऱ्याच्या नावासकट. आणि मधे कुणी बोललं की चष्मा सारखा करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. घर विकणारे वामनराव, इतवारीत भांड्यांचं दुकान असलेले. त्यांच्या वडिलांच्या नावाचं जुनं खरेदीखत वकिलांनी वाचायला घेतलं. अर्ध्यावर आले तेव्हा मी म्हणालो, "साहेब, हे सगळं बरोबरच आहे."

पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा अर्ध्यावर आले. मी म्हणालो, "नाही, म्हणजे मला असं म्हणायचं होतं..."

पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आत कुमुदने माझ्या तोंडात मूठभर बडीशेप घातली. खत एकदाचं संपलं. दाराशी वकिलांचा मुन्शी माझ्या कानात म्हणाला, "तुमी तं लवकर सुटले, साहेब. परवाचा पार्टी खोकल्यावाला होता."

*

त्या जुन्या खतात घराच्या चतुःसीमा लिहिलेल्या होत्या. पूर्वेला कडुनिंबाचं झाड. वकील रिक्शाने स्वतः घर पाहायला आले. पूर्वेला झाड नव्हतंच.

"झाडाशिवाय पुढे जाता येणार नाही," ते म्हणाले आणि वामनरावांच्या ओसरीवर बसले.

मी अंगणात येरझारा घालायला लागलो. मुन्शीने पूर्वेकडच्या मैनाबाईंना हाक मारली. सत्तरीची बाई. झाडाचं नाव काढताच तिचा चेहरा उतरला.

"मीच तोडलं बाप्पा. लेकीच्या लग्नात जळतन पाहिजे होतं. इतक्या वर्सांनी वकील काहून धाडला गा?"

कुणी तिच्यावर खटला भरत नाहीये, हे तिला पटवायला अर्धा तास गेला. तोवर तिने भीतीपोटी आम्हां सगळ्यांना पोहे खाऊ घातले. शेवटी झाडाचा बुंधा सापडला. त्याच्यावर तिने चूल मांडली होती. वकिलांनी चूल हात लावून पाहिली, टेपने अंतर मोजलं आणि मुन्शीला सांगितलं, "लिही. पूर्वेस मैनाबाईंची चूल."

आमच्या खतात आजही तसंच आहे.

*

मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. अमुक इसम अमुक घर खरेदी करीत आहेत, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. मी रोज बोटांवर दिवस मोजत होतो. चौदाव्या दिवशी हरकत आली. मला दरदरून घाम फुटला.

वकिलांनी ती मोठ्याने वाचली. मी ह्या वेळी मधे बोललो नाही. हरकत घेणारे होते वर्ध्याचे माझे सख्खे मामा. लिहिलं होतं की धरमपेठेत उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही, भाच्याच्या तान्ह्या मुलीचे हाल होतील, सबब माझी सक्त हरकत आहे.

मी हसून म्हणालो, "फाडून टाका."

"लेखी हरकत आहे. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही," वकील म्हणाले आणि त्यांनी मामांना रजिस्टर्ड पोस्टाने उत्तर पाठवलं. त्यात घराच्या अंगणातल्या विहिरीची खोली, पाण्याची चव आणि रहाटाची अवस्था असे तीन मुद्दे होते. आठ दिवसांनी मामांचं पत्र आलं: विहिरीबाबत समाधान झाले, हरकत मागे घेतो. खाली मला एक ओळ होती. 'वकील चांगला आहे, सोडू नको.'

*

मी नेमका तेव्हाच सोडायच्या बेतात होतो. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती आणि घरमालक येता-जाता खोल्यांच्या भिंतींकडे रंग ठरवत असल्यासारखा बघायचा. मी कुमुदला न सांगता देशपांड्यांच्या वकिलाकडे गेलो. त्याने संध्याकाळपर्यंत खरेदीखताचा मसुदा हातात ठेवला. मी सायकल मारत सदरला गेलो आणि तो बोकारे वकिलांच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी तो सगळा वाचला. मग म्हणाले, "जरूर करा. फक्त एवढं विचारून या की वामनरावांना बहीण आहे का."

मी तसाच इतवारीत गेलो. वामनराव गिऱ्हाइकाला परात दाखवत होते.

"आहे नं. उमरेडले दिली. पण तिचं लगन होऊन वीस वर्सं झाली. लग्नात सारं देल्लं तिले. तिले काहून विचारता?"

मी परत सदरला. वकील म्हणाले, "वडील मृत्युपत्र न करता गेले. आता कायद्याने अर्धं घर तिचं आहे. तिची सही नसेल तर तुम्ही अर्धं घर घेऊन राहिले. कोणतं अर्धं, ते त्या दोघांनाही माहीत नाही."

मी त्या ओट्यावर मटकन बसलो. तिसऱ्या वर्षावाला म्हातारा सरकला आणि मला जागा करून दिली.

*

बहीण सही करायला तयार आहे, असा निरोप वामनरावांनीच आणला. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी आम्ही रजिस्ट्री ऑफिसात जमलो. आज झालं नाही तर ऑफिस उघडेल तेव्हा आमचं सामान रस्त्यावर असणार होतं. वामनरावांची बहीण अनसूयाबाई सकाळच्या बसने एकट्याच आल्या होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. भावाशी दोन शब्द बोलल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

आमचा नंबर तीन वाजता लागला. सबरजिस्ट्रार दिवसभर हेच करून कंटाळलेला. मान खाली घालूनच त्याने वामनरावांना विचारलं, "दस्त कबूल आहे? राजीखुशीने सही करता? कोणाचा दबाव नाही?"

"नाही नं साहेब."

मग तेच शब्द, त्याच सुरात, अनसूयाबाईंना.

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मले विचारून राहिले का, साहेब?"

"तुम्हालाच."

"मले आजपावतर कोणी विचारलं नाही. लगन ठरवलं तवाई नाही. थोडा टाइम द्या. इचार करतो."

आणि त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

वामनराव मागे धावले. "अनसूये, काय करून राहिली वं? चाल, साहेब खोळंबले."

बोकारे वकिलांनी त्यांचा दंड धरला. "वामनराव, दबाव नाही, असं तुम्ही आत्ताच सांगितलं ना?"

साडेतीन झाले. पावणेचार झाले. आमच्या मागच्या लोकांचे दस्त होऊन ते घरी गेले. मी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतो. मला त्या बाईंचा भयंकर राग आला होता, आणि तो आला म्हणून स्वतःची लाजही वाटत होती. दोनदा मी हात जोडायला त्यांच्याकडे निघालो, दोन्ही वेळा कुमुद आडवी आली. मग ती स्वतःच जाऊन पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. एक शब्द बोलली नाही. अनसूयाबाई समोरच्या रस्त्याकडे पाहत होत्या.

चार वाजून गेले. शिपाई खिडक्या लावायला लागला. तेव्हा अनसूयाबाई उठल्या, पिशवी कुमुदच्या हातात दिली, पदर नीट केला आणि आत येऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या.

सबरजिस्ट्रारने दिवसात पहिल्यांदाच मान वर केली.

"हं, साहेब," त्या म्हणाल्या. "आता विचारा."