आठ फुलपात्रं पाणी

एकतीस वर्षं मी शाळेत पोरांकडून घनता काढून घेतली. खोडरबर, काचेची गोटी, कुलपाची किल्ली. आधी तराजूवर वजन, मग मोजपात्रातल्या पाण्यात वस्तू बुडवायची, पाणी किती चढलं ते पाहायचं आणि भागाकार करायचा. रायपूरच्या शंकर नगरातली ती पोरं भागाकारसुद्धा शेजाऱ्याचा उतरवायची. एका वर्षी अख्ख्या वर्गाची किल्ली आणि खोडरबर एकाच घनतेचे निघाले. मी ओरडायचो, "किनारा मत देखो, निशान देखो." शेवटी शेवटी ओरडायचाही कंटाळा आला होता.

मागच्या उन्हाळ्यात आईच्या किडन्या थकल्या. डॉक्टर म्हणाले, दिवसाला बाराशे मिली पाणी, वर एक थेंब नाही. रायपूरचा मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आणि ऐंशी वर्षांच्या बाईला पाणी मोजून द्यायचं. असलं काम घरात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येणार? मी शाळेतून एक मोजपात्र आणलं. आईचं स्टीलचं फुलपात्र काठापर्यंत भरून त्यात ओतलं. दीडशे मिली. म्हणजे दिवसाला आठ फुलपात्रं, असं बायकोला सांगितलं आणि मोकळा झालो.

मोकळा कसला! पातळ वरण म्हणजे पाणीच, म्हणून ते घट्ट करायला लावलं. आईने चघळायला बर्फाचा खडा मागितला तर तोही हिशेबात धरला. तिला समजावलं की वीस मिलीचा खडा वितळला की पाणी अठराच मिली होतं, बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो.

"बरं झालं," ती म्हणाली, "दोन वाचले. ते दे मग."

दिवेलागणीच्या आत आठवं फुलपात्र संपायचं. मग रोजचंच सुरू व्हायचं.

"काहून रे, पाणी कमी देऊन राहिला तू. अजून एक दे."

"आई, मोजून देतो. जास्त झालं तर तुलेच त्रास होईन."

"मोजायचं मले नको सांगू. घसा माहा हाय."

सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी वैतागून घरी आलो होतो. सकाळपासून तीन वर्गांचं प्रॅक्टिकल घेतलं होतं, डोकं उठलं होतं. दारातच तिने तेच सुरू केलं, तशी मी फटकन बोललो, "एकतीस वर्षं हेच केलं मी. मले नको शिकवू." त्यानंतर तिने पाणी मागितलं नाही. संध्याकाळी नुसती ओठांवरून जीभ फिरवायची. मला ते दिसायचं आणि मी टीव्हीकडे पाहत बसायचो.

ऑगस्टमध्ये ती गेली. तिची खाट होती त्या जागी दिवा लावला आणि शेजारी तिचंच फुलपात्र पाणी भरून ठेवलं, रिवाजाप्रमाणे दहा दिवसांसाठी. पहिले दोन दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी तिथे जमिनीवर टेकलो. बायकोने नुकतंच पाणी बदललं होतं. फुलपात्र इतकं काठोकाठ भरलेलं होतं की फुंकर मारली तरी सांडलं असतं. मोजलं त्या दिवसानंतर मी ते एवढं भरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आईले रोज एवढं भरून देत होती का तू?" मी विचारलं.

"नाही. बोटभर कमी," ती म्हणाली. "हात कापे त्यांचा, लुगड्यावर सांडे. अन् घरात काठोकाठ कोण भरते? आता कोणाच्या हातात द्यायचं हाय?"

मोजपात्र अजून फडताळावरच होतं. त्याच जोडातलं दुसरं फुलपात्र मी बोटभर कमी भरलं आणि ओतलं. एकशे वीस. रोज दोन फुलपात्रांएवढं पाणी कमी, तेही तीन महिने. ती मागायची एकच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जन्मभर दुसऱ्यांना खूण पाहा म्हणून ओरडलो आणि स्वतः काठ पाहिला.

डॉक्टर म्हणतील, कमी प्यायल्या तर काही बिघडलं नाही. नसेलही. पण ती तहानलेली होती, ती खरं बोलत होती, आणि मी तिला गप्प केलं. याची मला शरम वाटते, आणि हे कोणाजवळ बोलायचं त्राणही आता उरलेलं नाही.

उरलेले दिवस फुलपात्र मीच काठोकाठ भरलं. स्वयंपाकघरातून त्या जागेपर्यंत आठ-दहा पावलं. माझे हात धड आहेत, तरी रोज थोडं सांडायचंच.